चौथ्या प्रकरणातले आप्पा

४ फेब्रुवारी

आज आप्पांना मारलं. फोनवर, दीड मिनिटात.

चॅनेलवाली मुलगी विचारत होती, 'सर, आप्पा सध्या कुठे असतात? आपल्याला त्यांच्याबरोबर शूट करायचंय. तुम्ही दोघं आणि मध्ये निखारे.' मी म्हणालो, आप्पा गेले. ती म्हणाली, 'अरेरे, कधी?' म्हटलं, झाली बरीच वर्षं. आवाजही कसा बेताचा जड झाला माझा! चार कादंबऱ्यांत मिळून सहा माणसं मारलीत मी, पण एकेकाला आठवडा लागला होता. हे फारच सोपं गेलं.

फोन ठेवल्यावर हात धुतले. का धुतले कोण जाणे.

५ फेब्रुवारी

कुणाशी बोलता येत नाही म्हणून इथे लिहितो. आप्पा नव्हतेच.

कोळशाच्या वखारीत उपड्या टोपलीवर बसून, समोरच्याच्या चपलांकडे बघत धगीचे धडे देणारा, डाव्या हाताची दोन बोटं नसलेला म्हातारा. मटणाचा पहिला घास घेताना डोळे मिटणारा. असा कुणी मला भेटला नाही, त्याने मला काही शिकवलं नाही. निखाऱ्यावर मांस भाजण्याच्या माझ्या पुस्तकातलं अख्खं चौथं प्रकरण ही लोणकढी थाप आहे. मी जे शिकलो ते मागच्या अंगणात, पत्र्याचं पिंप आडवं कापून, तीन वर्षं कोंबड्या करपवून. वरून काळी आणि हाडाशी कच्ची अशी कोंबडी हिने किती वेळा निमूट पुन्हा पातेल्यात टाकून शिजवली असेल! ते खरं शिक्षण. पण ते लिहिलं की कुणी वाचत नाही.

बावीस वर्षं बातमीदारी केली. मग राजीनामा देऊन कादंबऱ्या. पहिलीला समीक्षक 'आश्वासक' म्हणाले. चौथीलाही 'आश्वासक'च म्हणाले, तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. त्याच सुमारास जुन्या पेपरच्या रविवार पुरवणीत पाककृती लिहिणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि पुरवणीवाल्याने मला सहज विचारलं, तुम्ही ते अंगणात धूर करत असता, त्यावर चार आठवडे लिहाल का? चाराचे नव्वद झाले. नव्वदांचं पुस्तक व्हायच्या वेळी प्रकाशक म्हणाले, 'सगळं बरोबर आहे हो, पण कोरडं वाटतं. कुणीतरी माणूस आणा.'

मी माणूस आणला. आता तोच माणूस माझ्या मानगुटीवर बसलाय.

७ फेब्रुवारी

चॅनेलवालीचा पुन्हा फोन. 'आप्पांच्या घरचं कुणी असेल ना सर? मुलगा, सून, कुणीही चालेल.' शोधतो म्हणालो. 'तुम्ही मूळचे बातमीदार, तुम्हाला काय अवघड आहे,' म्हणाली. 

दुपारी दूध उतू गेलं तर ही म्हणते, 'तुमच्या आप्पांना विचारा, दूध कशावर नजर ठेवून तापवायचं.' हिचा हा नेहमीचा विनोद. मी हसलो. जरा जास्तच हसलो असेन, कारण ती बघत राहिली.

९ फेब्रुवारी

भाजणाच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. मोठं मैदान, चौतीस शेगड्या, माझ्या गळ्यात बिल्ला. एक औषधांच्या दुकानवाला स्पर्धक, बिचारा घामाघूम, मला समजावून सांगत होता, 'आप्पा म्हणतात ना सर, निखाऱ्याला राखेची साय आल्याशिवाय मांस चढवायचं नाही. मी घड्याळ बघत नाही, साय बघतो.' माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर, दुसऱ्याच्या नावावर. बरं, वाक्य खरंही आहे. त्याच्या बरगड्या उत्तम होत्या. आतून ओलसर, वरून खरपूस, मीठ आतपर्यंत मुरलेलं. मी दोन गुण कमी दिले. असा कसा वागलो मी?

येताना एक आई आपल्या मुलीला सांगत होती, 'हेच ते, आप्पांचे.' म्हणजे मी आता आप्पांचा.

११ फेब्रुवारी

झोप लागत नाही. खरं ते लिहून टाकतो, त्याशिवाय सुटका नाही.

आप्पा मी रचले, हे अर्धंच खरं आहे. मी त्यांना उचललं. एका मित्राच्या खोट्यातून.

पेपरात माझ्यासोबत एकजण होता. सगळे त्याला टेकू म्हणायचे, कारण तो कधी सरळ उभा राहायचा नाही. दार, कपाट, भिंत, जे मिळेल त्याला टेकून बोलायचा. एकतीस वर्षांपूर्वी कोळशाच्या वखारीला आग लागली, आतली दोन माणसं गेली. टेकूने बातमी दिली की मागच्या फाटकाला बाहेरून कडी होती, आणि हे वखारीतल्याच एका कामगाराने सांगितलं. कामगाराचं नाव दिलं नाही. वखारीचा मालक वकील घेऊन ऑफिसात येऊन बसला: माणूस दाखवा. टेकू म्हणाला, नाव देणार नाही. वृत्तसंपादकांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढंच बोलला, 'म्हातारा आहे, डाव्या हाताची दोन बोटं नाहीत, चपलांकडे बघून बोलतो.' वृत्तसंपादकांनी मला पाठवलं. जा, बघून ये, असा कुणी आहे का.

गेलो. अर्धा दिवस होतो. असा कुणी दिसला नाही. परत येऊन सांगितलं, 'असा माणूस नाही.' पेपरने माफी छापली. टेकूला काढलं. त्याचं खातं मला मिळालं, खुर्चीही त्याचीच.

हे इथवर मी पूर्वी इतरांना सांगितलेलंही आहे, एक धडा म्हणून. पत्रकारितेच्या मुलांपुढे भाषणात सांगायचो: पुड्या सोडणाऱ्याचं बिंग कधी ना कधी फुटतंच. जे सांगायचो नाही ते असं. त्या अर्ध्या दिवसात मी तीनच माणसांना विचारलं. बाकीचा वेळ हमालांच्या घोळक्यात बसून त्यांनी निखाऱ्यावर भाजलेलं मटण खात होतो. तसं मटण आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं. माझ्या सगळ्या भाजणविद्येचा उगम तो.

पुस्तक लिहिताना माणूस हवा होता. टेकूचा म्हातारा पडून होता. तो नव्हताच, मग घेतला तर कुणाचं काय जातं, असं वाटलं.

१५ फेब्रुवारी

प्रकाशकांकडून वाचकांच्या पत्रांचा गठ्ठा आला. त्यात हे होतं. जसंच्या तसं उतरवतो, मूळ पत्र जवळ ठेवायची भीती वाटते.

'मी एका रुग्णालयात परिचारिका आहे. तुमच्या पुस्तकातले आप्पा म्हणजे माझे वडील. ते त्याच वखारीत कामाला होते. डाव्या हाताची दोन बोटं लहानपणीच गेली होती. चपलांकडे बघून बोलायची सवय आमच्याशीसुद्धा होती, लग्नात नवऱ्या मुलाच्या चपलांकडे बघून बोलले म्हणून सगळे हसले होते. अकरा वर्षांपूर्वी ते गेले. घरात फार कमी बोलायचे. तुमच्याशी एवढं बोलले हे वाचून आधी आनंद झाला, मग जरा वाईटही वाटलं.

एक विचारायचं आहे. माझा धाकटा भाऊ चार वर्षांचा असताना तापाने गेला. त्यानंतर बाबांनी मांसाला हात लावला नाही, एकेचाळीस वर्षं, मरेपर्यंत. तुमच्या पुस्तकात ते भाजून, आवडीने खातात. आईला वाचून दाखवलं. चौथं प्रकरण झाल्यापासून ती गप्प आहे. त्यांचा फोटो भिंतीवरून काढला. आमच्यापासून लपवून बाहेर खात होते असं तिला वाटत असावं. ती त्र्याऐंशी वर्षांची आहे. ते खरंच खायचे का, एवढंच कृपया कळवा. खरं काय ते कळलं की तिचं मन शांत होईल.'

१६ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. ऍसिडिटी म्हणून सांगितलं.

१७ फेब्रुवारी

चपलांचं पेपरात छापून आलेलं नव्हतं. बोटांचंही नाही. ते फक्त टेकू बोलला होता, बंद खोलीत, वृत्तसंपादकांसमोर आणि माझ्यासमोर. वृत्तसंपादक वारले. पुस्तकात मी ते घातलं, पण बोटं लहानपणी गेल्याचं आणि लग्नातलं त्यातही नाही. म्हणजे पुस्तकाआधी ते जगात दोघांनाच माहीत.

आणि एका नर्सला. कारण तो तिचा बाप होता.

टेकू खरं बोलत होता! एकतीस वर्षं मी ज्याला पुड्या सोडणारा म्हणून भाषणांत मिरवला, तो खरा. आणि खोटा मी. दोनदा. एकदा खऱ्या माणसाला 'नाही' म्हणालो, एकदा न भेटलेल्या माणसाला 'भेटला' म्हणालो. तोच माणूस!

आणि वर त्याच्या तोंडात मटण कोंबलं. म्हातारीला नवरा खोटारडा वाटतोय तो माझ्यामुळे. हे सगळ्यात वाईट.

१९ फेब्रुवारी

प्रकाशकांना फोन केला. आडून आडून सुरुवात केली आणि मग सगळंच बोलून गेलो.  

ते म्हणाले, 'हे तुम्ही मला सांगितलं नाहीत असं समजू. नवी आवृत्ती छापखान्यात जातेय. आणि साहेब, थोडंफार सगळेच करतात. त्या बाईंना एक गोड पत्र लिहा, की माझे आप्पा वेगळे होते, योगायोग. विषय संपला.'

किती सोपं आहे हे! बोटं योगायोग, चपला योगायोग, वखार योगायोग. तसं पत्र लिहिलंही. चांगलं झालं होतं पत्र, त्याचंच वाईट वाटलं. फाडलं.

२० फेब्रुवारी

अंगणात शेगडी पेटवली. उगाच, हाताला काम म्हणून. निखाऱ्यांवर तळहात धरून पाचपर्यंत मोजायचं असतं, पाचाला चटका बसला की धग बरोबर. मी मोजतच राहिलो. हिने हात ओढून बाजूला केला तेव्हा कळलं की नऊ झाले होते.

हिला सांगितलं. सगळं. ती पिंपाशेजारच्या स्टुलावर बसून ऐकत होती. रागावेल, रडेल, काहीही करेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, 'मला वाटायचं, निखाऱ्यापुढे थांबायचा एवढा धीर तुम्हाला कुणीतरी शिकवला असणार. तुमचा स्वतःचा नाही तो.' मग हातावर मलम लावलं. मलम लावता लावता म्हणाली, 'आधी तुमच्या त्या मित्राकडे जा. मग म्हातारीकडे. आणि माझी "आप्पांच्या शिष्याची बायको" म्हणून ओळख करून देऊ नका कुठे.'

चॅनेलवालीचे तीन मिस्ड कॉल.

२३ फेब्रुवारी

टेकू सापडला. शोधायला एक दिवसही लागला नाही. एकतीस वर्षांत एकदाही शोधला नव्हता एवढंच.

जमीन-नोंदणीच्या कचेरीबाहेर, पत्र्याच्या छपराखाली अर्ज लिहून देतो. टेबल, प्रिंटर, अर्जांचे गठ्ठे वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड. दाढी पांढरी झालीय. खुर्ची असूनसुद्धा भिंतीला टेकून उभा होता. मी समोर गेलो. त्याने नीट बघितलं आणि म्हणाला, 'ये. अर्ज कुणाच्या नावाने?'

 त्याने स्टूल पुढे केलं.

'चौथं प्रकरण वाचलं मी. गिऱ्हाइकाने आणून दिलं होतं पुस्तक. माणूस लगेच ओळखला. फक्त तू त्याला मटण चारलंस ते पटलं नाही. तो खात नसे.'

'तुला राग नाही आला?'

'आला ना. दोन दिवस. मग म्हटलं, बरा दिसतोय म्हातारा. खऱ्यापेक्षा सुखी आहे.'

मी म्हणालो, मला तेव्हा तो दिसला नाही रे, मी शोधायला हवा होता, मी तिघांनाच विचारलं. पाठ केल्यासारखं भडाभडा बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग जे म्हणाला ते इथे शब्दाला शब्द लिहितो.

'तू शंभर जणांना विचारलं असतंस तरी सापडला नसता. मीच त्याला त्याच्या बहिणीकडे पाठवला होता, चार दिवस, आणि वखारीतल्यांना गप्प राहायला सांगितलं होतं. रागाच्या भरात बोटांचं बोलून गेलो, ती माझी चूक. ते मालकाच्या कानावर गेलं असतं, तर त्या बोटांवरून त्याने त्याला तासाभरात हुडकला असता. पंचावन्नाव्या वर्षी त्याला कुणी काम दिलं असतं? मग त्याला हलवणं आलं. तू परत येऊन "नाही" म्हणालास तेव्हा मला हुश्श झालं होतं.'

'मला सांगायचं होतंस. मी गप्प बसलो असतो.'

'नसतास. तुझ्या पोटात काही राहत नव्हतं. आणि तुला माझी खुर्ची हवी होती. ते सगळ्या ऑफिसला दिसत होतं.'

तोंडात मारल्यासारखं झालं. खरंच हवी होती. 'असा माणूस नाही' हे वाक्य मी जिना चढतानाच जुळवत होतो, ते अजून आठवतं.

मी म्हणालो, आता सगळं खरं लिहितो, तुझ्या नावासकट, पहिल्या पानावर. तो म्हणाला, 'लिही. पण माझी घाई नाही. माझी बायको मला खरा समजत होती, तेवढं पुरलं. त्या म्हातारीला आधी सांग. छापायचं नंतर.' तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, वारसनोंदीचा अर्ज हवा होता. टेकू त्याच्याशी बोलायला लागला. मी आणखी थोडा वेळ बसलो आणि निघालो.

२४ फेब्रुवारी

नर्सबाईंना फोन केला. समक्ष येऊन सांगतो म्हणालो. 'बरं झालं,' म्हणाल्या, 'आईला फोनवर नीट ऐकू येत नाही.'

२५ फेब्रुवारी

काय बोलायचं ते चार वेळा लिहिलं. चारही वेळा सुरुवात छान झाली. छान नकोय.

ही म्हणते, 'कागद नेऊ नका. वाचायला लागाल.'

२६ फेब्रुवारी

जाऊन आलो.

दुसरा मजला, अरुंद जिना. दाराशी चपलांची मांडणी, त्यात नर्सबाईंचे पांढरे बूट. खोली लहान आणि लख्ख. खिडकीशी पलंग, औषधांच्या पट्ट्या बिस्किटांच्या डब्यात लावून ठेवलेल्या. भिंतीवर रिकामा खिळा आणि त्याखाली फोटोच्या आकाराचा उजळ चौकोन. मी जाऊन बसलो ते नेमका त्याच्यासमोर.

म्हातारी एवढीशी आहे. 'जवळ बसा,' म्हणाली, 'या कानाच्या बाजूला.' नर्सबाई दाराशी उभ्या राहिल्या. मी म्हणालो, 'आई, पुस्तकातलं सगळं मी मनाने लिहिलंय. तुमचे यजमान मला कधी भेटले नाहीत. मी एकदा वखारीत गेलो होतो, तेव्हा ते तिथे नव्हते. त्यांच्याबद्दल एका मित्राकडून दोन गोष्टी ऐकल्या होत्या, त्यावर रचलं. ते मांस खात नव्हते. मित्रालाही ते माहीत होतं. त्यांनी तुम्हाला फसवलं नाही. मी फसवलं, सगळ्यांना.'

एवढंच. अर्ध्या मिनिटात झालं.

ती पांघरुणाच्या काठाची घडी घालत होती, उलगडत होती. मग म्हणाली, 'तुम्ही लिहिलंय, पहिला घास घेताना डोळे मिटायचे.'

'ते मी लिहिलं. त्यांनी केलं नाही.'

'आणि हाड चोखताना आपल्याशीच हसायचे, ते?'

'तेही मीच.'

'आणि पावसात छत्री शेगडीवर धरून स्वतः भिजले ते?'

'नाही आई. तसं काही झालं नाही.'

'बरं,' म्हणाली. मग मुलीला, 'पाणी दे गं यांना. लांबून आलेत.'

दोषही दिला नाही! मी पाणी प्यायलो. जरासं शर्टावर सांडलं. तिने उशाखालचा रुमाल काढून दिला.

जिन्याशी नर्सबाई म्हणाल्या, 'तुमचे उपकार झाले. आता फोटो लावेल ती परत.' त्यांचे डोळे भरले होते, आणि माझेही. खाली रस्त्यावर आल्यावर भूक लागली. दहा दिवसांत पहिल्यांदा. कोपऱ्यावर उभ्या उभ्या दोन बन खाल्ले.

२७ फेब्रुवारी

नऊ तास झोपलो! ही दोनदा येऊन बघून गेली म्हणे, श्वास चालू आहे ना.

चॅनेलवालीला सगळं सांगितलं.  मग म्हणाली, 'सर, मग आपण तो खुलासाच शूट करूया का? अंगणात, निखाऱ्यांसमोर?' नाही म्हणालो. या मुलीचं पुढे फार चांगलं होणार आहे.

प्रकाशकांना नवी प्रस्तावना पाठवली. पहिलं वाक्य: 'चौथ्या प्रकरणातला म्हातारा मी एका प्रामाणिक बातमीदाराकडून चोरला आणि बाकीचा बनवला.' टेकूचं खरं नाव, आगीची तारीख, बाहेरून लावलेली कडी, पेपरने मागितलेली माफी, माझी खुर्ची. सगळं साडेतीन पानांत. एकही शब्द सजवला नाही.

२८ फेब्रुवारी

प्रकाशकांचा फोन. आधी ओरडले. मग बराच वेळ कुरकुरले. मग म्हणाले, 'गद्य मात्र तुमचं आजवरचं सगळ्यात चांगलं आहे.' छापणार.

टेकूला प्रस्तावना दाखवायला गेलो. त्याने उभ्यानेच वाचली, आगीची तारीख दुरुस्त केली, कागद परत दिला. 'ठीक आहे,' म्हणाला. मग चहा पाजला. मी त्याच्या शेजारी भिंतीला टेकून प्यायलो.  छातीवरचा दगड गेला असं म्हणतात तसं खरंच वाटलं.

४ मार्च

नर्सबाईंचा फोन. आई काल बोलली.

फोटो रागाने काढलाच नव्हता, उशाशी घेतला होता. धाकटा गेल्यावर महिन्याने घरात पहिल्यांदा मटण शिजलं. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि ती बोलून गेली, 'घास जातो तरी कसा तुम्हाला?' त्यांनी ताट सारलं, ते कायमचंच. नंतर तिने किती विनवण्या केल्या, पण नाही. मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. माझं पुस्तक ऐकल्यावर म्हातारीला वाटलं, निदान बाहेर तरी खात होते, माझ्या त्या एका वाक्याने जन्मभर उपाशी राहिले असं नाही. ते तीन आठवडे ती चांगली झोपत होती.

आता तिने निरोप दिलाय. तुम्ही पेपरातले. कुठेतरी, एकदा तरी खाल्लं असेल का, तेवढं शोधून द्याल?

हो म्हणालो. तेव्हाचं कुणी वखारीत उरलं असेल असं वाटत नाही. आणि मला मात्र त्यांनी खाल्लं ती दुपार आत्ताच दिसायला लागली आहे. वार कोणता होता, शेजारी कोण होतं, ताटात काय होतं, सगळं.